‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: रिपोर्ट तुकड्याचा असतो

आईच्या तोंडातल्या व्हेरुकस कार्सिनोमावर (चामखिळीसारखा दिसणारा, हळूहळू वाढणारा कॅन्सर) मी लिहिलेल्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता, ऐरोली’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी कशाला उत्तर देतेय ते बाकीच्यांना कळावं म्हणून ती आधी जशीच्या तशी देते:

“ताई, लेख फार लांबलाय. ॲकरमन यांनी हा आजार १९४८मध्ये मांडला, १९८४मध्ये नाही. रेडिएशनने हा कॅन्सर चवताळतो, हे जुनं मत तुम्ही सिद्ध झाल्यासारखं लिहिलंय. पायाच्या चामखिळीचा उल्लेख करून लोकांना उगाच घाबरवलंत. मुख्य म्हणजे ‘बायोप्सी निगेटिव्ह आली तरी थांबू नका’ असं सांगून तुम्ही लोकांचा डॉक्टरांवरचा विश्वास घालवताय. घरबसल्या वाचून डॉक्टरकी करू नये. एका आईच्या अनुभवावरून एवढं मोठं बोलू नये.”

आधी तुमचं बरोबर आहे ते. साल १९४८च. लॉरेन ॲकरमन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने (शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर) त्या साली तोंडातल्या या गाठींचं वेगळेपण दाखवून दिलं, म्हणून याला आजही ‘ॲकरमन ट्यूमर’ म्हणतात. टाइप करताना माझ्याकडून शेवटचे दोन आकडे उलटे पडले. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘घरबसल्या’. हा शब्द मला लागला, ते लपवत नाही. तुम्ही मला ‘ताई’ म्हणालात आणि पुढच्याच दमात असं बोललात, जसं घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी कुणी बोलणार नाही. मी ठाण्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. कुणी शंका विचारली तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. पण शंका विचारणं वेगळं आणि ‘तुला काय कळतं’ म्हणणं वेगळं. आईच्या आजारपणात मी दोन वर्षं घरी बसले नव्हते. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने आईचा दंड धरलेला, अशी ठाणे स्टेशनचे जिने चढत-उतरत होते. ऑपरेशननंतर तिच्या नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी गाळलेलं सूप आणि दूध मी सोडलं आहे. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, मान्य. मग विचारायचं होतं.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एकच वाक्य मी खरं मनावर घेतलंय: बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) निगेटिव्ह आली तरी थांबू नका, असं सांगून मी डॉक्टरांवरचा विश्वास घालवते. यावर मी सविस्तर बोलणार आहे, आणि लेख लांबला ही तक्रार तुम्हाला पुन्हा करावी लागली तरी माझी हरकत नाही.

कळव्याच्या चाळीत माझं लहानपण गेलं. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी गॅलरीत चार-पाच बायका उकिडव्या बसून मिश्री लावायच्या. आईची मिश्री घरची असायची. जांभळी नाक्यावरून तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची. त्या धुराने आम्हा भावंडांना ठसका लागायचा. माझ्या थोरल्या भावाच्या बाळंतपणानंतर दाढ दुखते म्हणून शेजारणीने तिला पहिल्यांदा डबी दिली. दाढ केव्हाच पडली, डबी चाळीस वर्षं राहिली. मिश्रीचं बोट ती नेहमी उजव्या गालाच्या आत, खालच्या दाढांच्या बाहेरच्या खोबणीत फिरवायची. गाठ तिथेच आली.

सुरुवातीला पांढरा, खरखरीत चट्टा होता. मग तो उंचावत गेला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. दुखत नव्हता, रक्त येत नव्हतं, म्हणून आईने कुणाला दाखवला नाही. मला दिसला तो कवळीच्या मापासाठी तिला घेऊन गेले तेव्हा. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात वरवरचा, मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढला. पाच दिवसांनी “निगेटिव्ह आहे, तंबाखू सोडा” असं सांगून आम्हाला परत पाठवलं. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच. त्या निगेटिव्ह शब्दावर विसंबून आम्ही चौदा महिने घालवले.

तो रिपोर्ट माझ्याकडे आजही आहे. त्यात काय लिहिलंय ते बघा. वरच्या थराची जाडी वाढलेली आहे, केरॅटिन (नखं-केस ज्याचे बनतात तो कठीण पदार्थ) जास्त आहे, आणि शेवटी: ‘पाठवलेल्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही.’ पाठवलेल्या तुकड्यात! पॅथॉलॉजिस्टने एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर जेवढं आलं, तेवढ्याबद्दलच तो बोलला. ‘तोंडात कॅन्सर नाही’ हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. तो अर्थ दवाखान्याने लावला आणि आम्ही तो गाठीशी बांधला. मग मी विश्वास कुणावरचा घालवतेय? मी तर पॅथॉलॉजिस्टचं वाक्य पूर्ण वाचा म्हणतेय.

हे सगळ्याच गाठींना सारखंच लागू आहे असं मी म्हटलेलं नाही. व्हेरुकस कार्सिनोमात ते फार लागू आहे आणि त्याला कारण आहे. नेहमीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशी बिघडलेल्या दिसतात आणि वेड्यावाकड्या आत घुसतात, त्यामुळे छोट्या तुकड्यातही पुष्कळदा सापडतात. इथे पेशी जवळजवळ निरोगी दिसतात. गाठ एकसंध राहून खाली ढकलत जाते. गादीवर भरलेला हंडा ठेवला की गादी जशी दबते, तशी. गादी दबलीय हे कळायला हंड्याचा तळ दिसावा लागतो आणि शेजारची न दबलेली गादीही दिसावी लागते. नुसता हंड्याचा काठ खरवडून पाठवला तर जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला केरॅटिनचं टोपण तेवढं दिसणार. म्हणून तुकडा खोल हवा, पुरेसा मोठा हवा आणि त्यात गाठीची कड व तिला लागून असलेला निरोगी भाग हवा. मूळ लेखात मी हेच लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर ‘थांबू नका’ म्हणजे ‘डॉक्टर बदलत फिरा’ असा अर्थ काढला नसता.

चौदा महिन्यांनी काय झालं तेही सांगते, कारण तुमच्या आरोपाला खरं उत्तर तेच आहे. गाठ दुपटीने वाढली होती, आईला घास दुसऱ्या गालात धरावा लागत होता. दुसऱ्या रुग्णालयातल्या सर्जनने बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, “जुना ब्लॉक कुठे आहे?” तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तुकडा मेणात बसवून जपलेला असतो, तो ब्लॉक आणि काचा पेशंटला मागून घेता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. मी त्या आणल्या. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी जुन्या काचेवर नवं काही निघत नाही असंच सांगितलं. मग पाचरीसारखा खोल तुकडा काढला. तो बघताना त्यांनी स्वतः सर्जनला फोन केला: गाठ केवढी आहे, किती दिवसांची आहे, फोटो पाठवा. त्यावर रिपोर्ट आला की ही व्हेरुकस गाठ आहे, कार्सिनोमाची दाट शंका आहे, पक्कं निदान पूर्ण गाठ काढून तपासल्यावर होईल. माझा डॉक्टरांवरचा विश्वास त्या फोनने वाढला. चार माणसांनी एकमेकांना विचारून निदान केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही माझ्यावर अविश्वास पसरवल्याचा ठपका ठेवता आणि तो ठेवताना दोन डॉक्टर एकमेकांना फोन करतात तो परिच्छेद गाळून जाता. हे बरं नव्हे.

मधल्या काळात आईच्या मानेत गाठी लागल्या होत्या. घरात सगळे हबकले, मामा तर आता काही खरं नाही म्हणून बसला. सुईने तपासल्यावर ती सूज जंतुसंसर्गाची निघाली. शुद्ध व्हेरुकस कार्सिनोमा मानेच्या गाठींपर्यंत क्वचितच जातो, हे सर्जनने आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मी लोकांना घाबरवायलाच बसले असते तर लेखात ही गोष्ट लिहिली असती का?

ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग आणि जबड्याच्या हाडाची वरची कड काढली. पूर्ण गाठ तपासल्यावर अखेरचा रिपोर्ट आला: व्हेरुकस कार्सिनोमा, साध्या स्क्वॅमस कॅन्सरचा (म्हणजे नेहमीच्या तोंडाच्या कॅन्सरचा) अंश कुठे नाही, कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडांना कॅन्सर नाही. हा अंश शोधण्यासाठीच पूर्ण गाठ कापून बघावी लागते. काही गाठी मिश्र असतात आणि मिश्र गाठीचा उपचार नेहमीच्या तोंडाच्या कॅन्सरसारखा करावा लागतो. चौदा महिने आधी खोल तुकडा निघाला असता तर हाडाला हात लावावा लागला नसता, असं सर्जन म्हणाले नाहीत. ते मी म्हणते, आणि म्हणत राहणार.

राहिलेल्या गोष्टी. रेडिएशनबद्दल माझं वाक्य एवढंच होतं की ऑपरेशन शक्य असेल तर पहिली पसंती त्यालाच. रेडिएशननंतर गाठ आक्रमक झाल्याची वर्णनं १९६०च्या दशकापासून आहेत आणि त्यावर तज्ज्ञांत वाद आहे. मिश्र भाग आधीपासूनच असेल, छोट्या तुकड्यात हुकला असेल, असंही म्हटलं जातं. म्हणजे फिरून तुकड्यापाशीच आलो. ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटला रेडिएशन देतातही. याहून जास्त मला त्यात शिरायचं नाही.

पायाचं म्हणाल तर तळव्यावर हा आजार होतो, १९५४पासून त्याची नोंद आहे. सशाच्या बिळांसारखे बोगदे आत होतात म्हणून त्याचं लॅटिन नाव बिळांवरून पडलं. प्रत्येक कुरूप म्हणजे कॅन्सर, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं औषध लावूनही न जाणारी, वाढत जाणारी, वास येणारी चामखीळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा, एवढंच लिहिलंय. यात घाबरवण्यासारखं काय आहे ते मला खरोखर कळलेलं नाही.

आणि ‘एका आईच्या अनुभवावरून’. एकच आई आहे मला. त्या गॅलरीत बसणाऱ्या पाच बायकांपैकी दोघी आज हयात आहेत आणि दोघींच्या कमरेला अजून डबी असते. गेल्या महिन्यात मी कळव्याला जाऊन मोबाइलच्या टॉर्चने दोघींची तोंडं बघून आले. एकीच्या गालात पांढरं दिसलं. तिला मी स्वतः घेऊन गेले आणि तुकडा काढायच्या आधी डॉक्टरांना विचारलं की कड आणि खोली दोन्ही येईल ना. डॉक्टर रागावले नाहीत. “बरोबर विचारलंत,” म्हणाले. तुमच्या हिशेबाने हीसुद्धा डॉक्टरकीच.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्या माहितीत कुणाचा असा अनुभव असेल, माझ्यापेक्षा वेगळा असेल, तर जरूर लिहा, मी नीट वाचेन. फक्त ‘ताई’ म्हणायचं तर तसं बोला, नाहीतर नुसतं नाव घ्या. मंगळवारी आईची सहामाही तपासणी आहे, सोबत ती कळव्याची मावशीही येणार आहे तिचा रिपोर्ट घ्यायला. त्यामुळे यापुढच्या प्रतिक्रियांना उत्तर बुधवारनंतरच देता येईल.