बकरी टाका नं बावा!

भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत खोट एकच. ती आत बसली की तिचं तोंड दिसत नाही, आणि भोपळा काही बोलत नाही. ऐकताना चालतं, कार्टून करायला घेतलं की पाच मिनिटं नुसतं कोहळं गडगडत राहतं. (आमच्या विदर्भात भोपळ्याला कोहळंच म्हणतात, त्यावर वाद नको.) म्हणून म्हातारीच्या सोबतीला एक बोलकं जनावर घालावं लागतं. गावात विचारा, पारावरून एकच उत्तर येतं : "बकरी टाका नं बावा, सोपी असते."

सोपी! बकरीचा पुढचा गुडघा म्हणजे तिचं मनगट, आणि मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो ती टाच. हे विसरलो की कातडं पांघरून दोन माणसं वाकून चालल्यासारखी दिसतात. चाल अशी : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी 12 चित्रं, पाच मिनिटांची 3600. त्यात मागची पराटी (कापसाची झाडं) दर फ्रेमला 6 पिक्सेल सरकत असेल तर टेकलेला खूरही तेवढाच सरकला पाहिजे. नाही तर बकरी शेणावरून घसरत लेकीच्या गावाला पोचते.

दर वेळी नवं चित्र काढण्याऐवजी तुकडे जोडून हलवावी म्हटलं, तर चार पायांचेच 12 तुकडे. कान डोक्याच्या दोन फ्रेम मागून हलवावेत, एकदम हलले की टिनाचे वाटतात. एकाच कुशीवर पांढरा ठिपका देण्याचा मोह तर टाळाच : चित्र उलटवलं की ठिपका बाजू बदलतो आणि एका बकरीच्या दोन होतात. बोलताना प, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. तिथे चुकलं की "कुठी चालली वं बुढे?" विचारणारी बकरी नुसती रवंथ करताना दिसते.

एवढं जमवून पोरांना दाखवावं, तर पहिल्याच रांगेतून प्रश्न येतो : "वाघ बुढी जाड व्हायची वाट काऊन पाहते? बाजूची बकरी काऊन नाही खात?"

याला उत्तर नाही. बकरी रद्द. आता टिटवी ठरली आहे. वाघ दिसला की ओरडणं हा तिचा स्वभावच, आणि पाय दोनच, म्हणून सगळे खूश होते. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, ती उडते.