कुलर सुरू, प्रिंटर गायब

मे महिन्यात नागपुरी घरात शेवटचा शब्द कुलरचा. त्याचं बटण खट् केलं की संगणक ‘टुंग’ करतो, प्रिंटर गायब होतो आणि लग्नाची यादी ‘देशपांडे (सहकुटुं’वर अडकते. शेजारच्या काकांचं निदान ठरलेलं: “व्हायरस शिरला भाऊ, फॉरमॅट मारा!” मला मात्र व्हायरसची दया येते. या गुन्ह्यात तो बिचारा नव्हताच.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी डी-प्लस, पांढरी डी-मायनस. निरोप जातो तो हिरव्या-पांढरीतल्या फरकावर. दोघींवर सारखाच गोंगाट आला तर तो वजाबाकीत उडतो. पण हाय-स्पीडमध्ये (यूएसबी २.० चा सर्वात वेगवान प्रकार) हा फरक जेमतेम ४०० मिलिव्होल्टचा, आणि कुलरची मोटर बंद होताना स्विचच्या फटीत उडणारी ठिणगी शेकडो व्होल्टची. पॅकेट (निरोपाचा तुकडा) बिघडलं तर सीआरसी, म्हणजे सोबत पाठवलेला पडताळणीचा आकडा, ते पकडतो आणि संगणक पुन्हा प्रयत्न करतो. सलग तीनदा फसला की तोही हात टेकतो. आपण मात्र केबल काढून, फुंकर मारून दहादा लावतो!

खरी मेख अर्थिंगची. तीन पिनांच्या प्रिंटरला दोन पिनांचा जुगाड लावला की आतल्या गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे त्याचा सांगाडा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. हात लावा, मुंग्या येतात. हाच प्रवाह मग यूएसबीच्या शील्डमधून (तारांभोवतीचं धातूचं वेष्टन) वाट काढतो. अर्थिंग असलं तरी उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्याभोवतीची काळी माती वाळून भेगाळते आणि रोध वाढतो. कुलरला दिवसातून दोनदा बादल्या, अर्थिंगच्या खड्ड्याला तांब्याभर नाही!

तेव्हा खड्ड्यात पाणी ओता. कुलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नकोत. सीताबर्डीच्या फुटपाथवरची स्वस्त केबल चार्जिंगला ठेवा. प्रिंटरला आत फॉइल आणि जाळी असलेली, दोन मीटरच्या आतली केबल घ्या (पाच मीटर ही कमाल मर्यादा, शिफारस नव्हे). फेराइटची क्लिप (गोंगाट अडवणारा चुंबकीय मणी) कनेक्टरच्या अगदी जवळ बसवा. मधोमध लटकवलेली फक्त दागिना.

एवढ्यानंही नाही भागलं तर मोटरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (मेन लाइनसाठीच बनवलेला) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रोध, दोन्ही एकामागे एक. हे काम इलेक्ट्रिशियनचं, मेन स्विच पाडून. काकांचं तर मुळीच नाही.