'नवीन सांगून जुनी हार्ड डिस्क चिटकवली' या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

राम राम भाऊ. ऐन लग्नसराईत तुमचं लग्नाच्या व्हिडिओचं काम अडलं, पार्टीकडून ऐकून घ्यावं लागलं, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती, बसून नीट बोलणं झालं नाही हेही खरं.

पण जळगावात हा धंदा नावावर चालतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तुम्ही लिहिलंय: "कॉपी 500 ने सुरू होते, मिनिटभरात 25 वर येते. 256 कॅश फक्त कागदावर. एडिटिंगलाही अडकते. लाईट गेल्यावर अर्धं लग्न गायब. जुना माल." बाकी सगळं ऐकून घेऊ, पण 'जुना माल' हे नाही.

सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क चाललेले तास, शून्य होते, स्क्रीन तुमच्याच बाजूला वळवलेली होती. बिलावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, वॉरंटीची तारीख दिसेल. तुम्ही फोटोत लाल गोल केलेला तो मोठा आकडा 01 नंबरच्या ओळीतला, म्हणजे 'रॉ रीड एरर रेट'चा आहे. काही कंपन्यांच्या अगदी कोऱ्या डिस्कलाही तो तसाच दिसतो. डिस्क खराब होत असेल तर 05, सी5 आणि सी6 या खराब जागा मोजणाऱ्या ओळींतले आकडे वाढतात. तुमच्याच फोटोत त्या तिन्ही शून्य आहेत.

आता ते 500. फिरत्या तबकडीची ही डिस्क सेकंदाला 500 एमबी लिहूच शकत नाही. 5400 आरपीएम म्हणजे मिनिटाला 5400, सेकंदाला 90 फेरे. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात साधारण 2 एमबी बसतात, म्हणजे जास्तीत जास्त 180-190, आणि आतल्या कडेला त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुम्हाला दिसलेले 500 तुमच्या पीसीच्या रॅमचे होते. विंडोज आधी डेटा रॅममध्ये घेतं, कॉपीची पट्टी पुढे पळवतं आणि मागून डिस्कवर उतरवत राहतं. रॅममधली ती जागा भरली की डिस्कचा खरा वेग समोर येतो.

256 एमबी कॅश, म्हणजे डेटा थोडा वेळ धरून ठेवायची जागा, कागदावर नाही, डिस्कच्या सर्किट बोर्डवरच्या चिपमध्ये आहे. पण हिशोब करा: 180 च्या वेगाने तो दीड सेकंदाचा माल. 300 जीबी ओतताना त्याचा आधार किती मिळणार? त्याचं काम वेगळं आहे. लहान लहान तुकडे आले की ते गोळा करायचे, हेडला (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) कमी फिरावं लागेल अशा क्रमाने लावायचे आणि मग उतरवायचे.

मग 25 का? तुम्ही घेतलेली डिस्क एसएमआर प्रकारची आहे. तिच्यात डेटाचे ट्रॅक घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर त्याच्यापुढची ओळ उचलून परत बसवावी लागते. म्हणून विस्कळीत आलेला डेटा डिस्क आधी तबकडीवरच्या एका राखीव पट्ट्यात टाकते आणि रिकामा वेळ मिळाला की जागेवर लावते. तुम्ही जुने प्रोजेक्ट उडवून त्याच जागेवर, एसएसडीवरून (तबकडी नसलेल्या, चिपवाल्या वेगवान डिस्कवरून) चार फोल्डर एकाच वेळी टाकले. चार कॉपींमध्ये हेड नाचतो, राखीव पट्टा भरतो, मग एकीकडे नवीन घेणं आणि दुसरीकडे जुनं लावणं अशी दोन्ही कामं डोक्यावर. अशा वेळी 20-30 हा या प्रकारच्या डिस्कचा नेहमीचा आकडा आहे. एका वेळी एकच फोल्डर टाका, झाल्यावर पीसी लगेच बंद न करता तास-अर्धा तास तसाच राहू द्या. शेजारीच 7200 ची सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, डिस्क ठेवली होती. भाव ऐकून तुम्ही ही उचलली, यात आमचा काय दोष ते तुम्हीच सांगा.

एडिटिंगचं थोडक्यात. तुम्ही मागितलेला भाग वाचून झाला की डिस्क त्याच ट्रॅकवरचा पुढचा भाग न मागता कॅशमध्ये ओढून ठेवते. एकच क्लिप सलग चालवली तर पुढचा डेटा तयार मिळतो. चार कॅमेऱ्यांची टाइमलाइन पुढे-मागे ओढली की प्रत्येक उडीला हेड हलणार, शिवाय सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे साडेपाच मिलीसेकंदांची वाट. आधीच ओढून ठेवलेला माल तिथे वाया जातो. चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवा, ही डिस्क साठवणीला वापरा.

राहिला गेलेला डेटा. तो अर्धा नव्हता, शेवटच्या काही क्लिप होत्या. फायलींची नावं आणि साइझ बरोबर, आत मात्र कोरं. पीसी दुकानात आणला तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज'मध्ये दुसरी टिक, 'टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग', लावलेली होती. विंडोज ती स्वतःहून लावत नाही, आणि आम्ही तर कधीच लावत नाही. ती लावली की 'कॅशमधलं आत्ता तबकडीवर उतरव' हा हुकूमच डिस्कला जात नाही. वेगळी वीज नसेल तर लावू नका, असं त्या टिकेखालीच लिहिलेलं असतं. वेग वाढतो म्हणून कुठल्याशा व्हिडिओत बघून लावल्याचं तुम्हीच सांगितलं होतं. त्यात यूपीएस नाही, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरोसा किती ते मी सांगायला नको. पट्टी 100 टक्के झाली तेव्हा शेवटचा माल रॅममध्ये आणि कॅशमध्ये होता, लाईटीबरोबर गेला. वरची 'एनेबल राइट कॅशिंग' ही टिक राहू द्या, खालची काढा.

डिस्क एसएमआर आहे की सीएमआर ते यापुढे बिलावर लिहायचं बघतो, पोरांनाही सांगितलंय.

तुम्ही कट-पेस्ट केलं होतं, त्यामुळे एसएसडीवरून मूळ फायली उडाल्या. उडवलेल्या फायलींची जागा एसएसडी स्वतःच साफ करते (ट्रिम), त्यामुळे तिथून त्या परत मिळायची आशा धरू नका. कॅमेऱ्याची कार्डं मात्र नुसती फॉरमॅट झाली असतील आणि त्यांवर पुन्हा शूट केलं नसेल, तर क्लिप निघू शकतात. कार्डं कॅमेऱ्यात घालू नका, पीसीने फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा आणि तशीच घेऊन या. सकाळी 11 च्या आत आलात तर गर्दी नसते. स्कॅनचे पैसे घेणार नाही. रिव्ह्यूचं काय करायचं ते तुमच्यावर, पण 'जुना' हा शब्द तेवढा काढा भाऊ.