जोधैयाबाईंचा वाघ: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. मध्य प्रदेशातल्या बैगा या आदिवासी जमातीच्या चित्रकार जोधैयाबाई बैगांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की हे वन्यजीवांचं चित्रण नव्हेच, वाघाची शरीररचनाच चुकलेली आहे. देवभोळेपणाला मी संवर्धन म्हणतेय. आणि शहरात शिकून आलेल्या गुरूने म्हातारपणी हातात ब्रश दिला, त्यात परंपरा कसली?

शरीररचनेचं लवकर आटोपते. स्नायू न् स्नायू अचूक उतरवणारी चित्रं मलाही आवडतात. पण तो बहुधा जिप्सीतून पाहिलेला वाघ असतो. जोधैयाबाईंचं लोढा गाव उमरिया जिल्ह्यातलं, बांधवगड व्याघ्र प्रकल्पाच्या मुलखातलं. नवरा लवकर गेला. दगड फोडून, जंगलातून लाकूडफाटा आणून त्यांनी पोरं वाढवली. मोळी बांधायला जायचं त्याच रानात वाघ. बैगांच्या लेखी तो देव, आणि हा देव माणूसही मारतो. असं घडलं की गुनियाने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, विधी करून वाघाचं तोंड बांधायचं, ही जुनी रीत. भीती धरूनच केलेल्या या भक्तीला भाबडी म्हणवत नाही.

श्रद्धेने वाघ वाचले असं मी कुठेही लिहिलेलं नाही. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ निघाले, त्यामागे कायदा आहे, वनरक्षकांची पायपीट आहे. पण त्याच हिशोबात हेही धरा: नांगराने धरणीमातेची छाती फाटते म्हणून बैगा नांगर धरत नसत, जंगलाचा तुकडा जाळून बेवर नावाची फिरती शेती करत. इंग्रजांनी ती नासाडी ठरवली आणि १८९० मध्ये बैगाचक या राखून दिलेल्या पट्ट्यापुरती कोंडली. पुढे कान्हा राष्ट्रीय उद्यानातून बैगांची घरं उठली, तीही वाघासाठीच. वाघाला देव मानणाऱ्यांनीच वाघासाठी घर सोडायचं! जोधैयाबाईंनी हे सगळं चित्रात मांडलंय असा माझा दावा नाही. पण वाघाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणं संवर्धनाच्या खात्यात जमाच होत नसेल, तर ते खातं कुणी लिहिलंय ते विचारायला हवं. आपल्याकडच्या वारल्यांचा वाघोबा हा देव पाहा, त्यात बिबट्याही आला. त्याच्या १५० ठाण्यांची नोंद करणाऱ्या संशोधकांनीही बिबट्याचा त्रास थांबतो असं म्हटलं नाही; तो सोसायचं बळ या श्रद्धेतून येतं, एवढंच म्हटलं.

परंपरेचा तुमचा आक्षेप मात्र मला सगळ्यात रंजक वाटला. शांतिनिकेतनात शिकलेल्या आशिष स्वामींच्या ‘जनगण तस्वीरखाना’मध्ये जोधैयाबाई सत्तरीच्या आसपास रंगवू लागल्या, हे खरंच. पण भिंतीवरची दिग्ना नक्षी आणि अंगावरचं गोंदण बैगा बायांना नवं नव्हतं. नवा होता तो कागद. तसा तर वारल्यांकडेही कागद बाहेरूनच आला. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूजवळच्या गंजाडला पोचले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे जगाला कळले. भिंतीवरचा लग्नाचा चौक तोवर बायकाच लिहीत (रंगवत) होत्या, तरी कागदावर नाव झालं पुरुषाचं. (यावर कधीतरी वेगळं लिहीन.) लोढ्यात निदान ते बाईचं झालं: २०१९ मध्ये मिलानला प्रदर्शन, २०२३ मध्ये पद्मश्री. स्वामी २०२१ मध्येच गेले, त्यांना ही पद्मश्री पाहायला मिळाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जोधैयाबाईही गेल्या.

मूळ चित्रं कुठे पाहता येतील, असंही तुम्ही विचारलंय. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात त्यांचं काम आहे. त्यासाठी वेगळा वेळ ठेवा, आणि पाहून आल्यावर आणखी भांडायचं असेल तर जरूर लिहा.