स्वस्त व्हीपीएस आणि कमिशनचा आरोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतरांसाठी तिचा सारांश देतो. स्वस्त व्हीपीएसचं, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या मोठ्या मशीनचा एक हिस्सा भाड्याने घेऊन मिळणाऱ्या सर्व्हरचं, कौतुक करून मी लहान धंदेवाल्यांना खड्ड्यात घालतोय. तुमच्या दुकानाचा सर्व्हर अशाच एका कंपनीने बिल थकलं म्हणून परवा बंद केला. मी स्वतः वापरतो त्या कंपनीचं नाव देत नाही, म्हणजे कमिशन खात असणार. आणि माणसाने एकतर मोठ्या क्लाउडवर जावं, नाहीतर ऑफिसातच मशीन ठेवावी. तुमचा राग रास्त आहे, पण निष्कर्ष मला पटत नाहीत.

आधी कमिशनचं. कमिशन हवं असतं तर नाव आणि लिंक सगळ्यात वर टाकली असती. नाव झाकून ते मिळत नाही. मी नाव देत नाही, कारण त्याचा तुम्हाला उपयोग नाही. कंपनी एकाच मोठ्या मशीनवर, म्हणजे नोडवर, कितीतरी गिऱ्हाइकांचे व्हीपीएस बसवते. प्लॅन तोच, पैसे तेवढेच, पण एकाचा नोड शांत असतो आणि दुसऱ्याच्या शेजारी कुणीतरी रात्रंदिवस व्हिडिओ कन्व्हर्ट करत बसलेला असतो. माझा इतक्या वर्षांचा अनुभव कंपनीचा आहे तितकाच माझ्या वाट्याला आलेल्या नोडचाही आहे. नाव वाचून तुम्ही तोच प्लॅन घ्याल, पण शेजारी वेगळा निघेल.

म्हणून मी नावापेक्षा काय तपासायचं ते सांगतो. मधे एकदा नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याचं धान्याचे दर दाखवणारं पान रात्री उघडेना. सर्व्हरवर लॉगिन करून टॉप कमांड चालवली, ती मशीनवर कशाचा किती भार आहे ते दाखवते. सीपीयूच्या ओळीत अगदी शेवटी स्टील टाइमचा (‘st’), म्हणजे आपल्या वाट्याचा प्रोसेसर दुसऱ्यांकडे गेलेल्या वेळेचा, टक्क्यांतला आकडा असतो. एरवी तो शून्याच्या आसपास असतो, त्या रात्री तिशीच्या खाली यायला तयार नव्हता. म्हणजे माझ्या व्हीपीएसकडे काम होतं, पण प्रोसेसर दुसऱ्यांना दिलेला होता. अशा वेळी आपण डेटाबेस कितीही ट्यून केला तरी फरक पडत नाही. मी ते आउटपुट वेळेसकट तिकिटात, म्हणजे कंपनीकडे ऑनलाइन नोंदवलेल्या तक्रारीत, चिकटवलं. ‘साइट स्लो आहे’ एवढंच लिहिलं असतं, तर ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ असं छापील उत्तर आलं असतं. सकाळी त्यांनी विचारलं, दुसऱ्या नोडवर हलवू का? दुपारपर्यंत हलवलंही. मी आजवर तिथे टिकलोय तो किमतीइतकाच या वागणुकीमुळे.

मोठ्या कंपनीकडे गेलं की डेटा सुरक्षित, हे मात्र मनातून काढून टाका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, त्यात एक अख्खी इमारत जळाली. ही युरोपातल्या सगळ्यात मोठ्या होस्टिंग कंपन्यांपैकी एक. तरीही ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता, त्यांचा डेटा गेला तो गेलाच. मी रोज रात्री डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची एका फाइलमधली प्रत, घेतो आणि तो दुसऱ्याच कंपनीच्या स्टोरेजवर पाठवतो. व्हीपीएस देणाऱ्या कंपनीकडेच राहणारा स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) बॅकअप म्हणून धरत नाही, कारण खातं बंद झालं की तोही हाताबाहेर जातो. डोमेन (साइटचं नाव) आणि डीएनएस (ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंद) हेही वेगळ्या ठिकाणी ठेवलंय. उद्या कंपनी बुडाली तर नवा व्हीपीएस घेऊन, डंप चढवून डीएनएसमध्ये आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, बदलायचा, बस. शिवाय मोठ्या क्लाउडवर बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे बहुतेक ठिकाणी जीबीमागे लागतात. धरमपेठेतल्या एखाद्या क्लासच्या साइटवर निकालाच्या दिवशी गर्दी उसळली, तर त्या महिन्याचं बिल किती येईल हे क्लासवाल्या सरांना आधी कसं सांगणार? माझ्या प्लॅनमध्ये महिन्याचा कोटा आणि रक्कम दोन्ही ठरलेले आहेत.

ऑफिसातल्या मशीनचं म्हणाल, तर नागपूरचा मे महिना आठवा. पंचेचाळीस डिग्रीत दुकान बंद, कूलर बंद, आणि आत मशीन चालू. लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ पुरणार? घरगुती ब्रॉडबँडला बरेचदा स्वतःचा पब्लिक आयपीही नसतो, म्हणजे बाहेरून थेट त्या मशीनपर्यंत पोचता येत नाही. सरावासाठी खुशाल ठेवा, गिऱ्हाइकाची साइट नको.

आता तुमचं खरं म्हणणं: स्वस्तात धोका आहे. आहेच. दवाखान्याचे रेकॉर्ड किंवा लोकांचे आधार नंबर मी तिथे कधीच ठेवणार नाही. तिथून मेलही पाठवत नाही, कारण स्वस्त कंपन्यांच्या आयपीवरून आधीच्या लोकांनी इतका स्पॅम पाठवलेला असतो की आपलं साधं बिलही स्पॅममध्ये जाऊन पडतं.

पण तुमच्या बाबतीत घोटाळा झालाय तो बिलाचा. तुम्ही लिहिलंय, कंपनी परदेशी आहे आणि कार्डावरून पैसे आपोआप जायचे ते गेलेच नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे दरवेळी आपोआप पैसे कापायला आधी दिलेल्या परवानगीचे, नियम लागू आहेत. त्यात न बसणारी ऑटो-डेबिट बँक नाकारते, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत हे सर्रास घडलं. कंपनीला फक्त ‘पेमेंट फेल’ एवढंच दिसतं. मी म्हणूनच वर्षाचे पैसे एकदम भरतो आणि मुदतीच्या आधीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवतो.

तुमचा डेटा अजून असू शकतो. कंपनीच्या साइटवर लॉगिन केल्यावरच्या पॅनेलमध्ये सर्व्हर ‘सस्पेंडेड’ (तात्पुरता थांबवलेला) दिसतो की ‘टर्मिनेटेड’ (कायमचा बंद केलेला), ते आत्ता बघा. सस्पेंडेड असेल तर डिस्क सहसा काही दिवस तशीच राहते. किती दिवस, ते कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. इनव्हॉइस हाताने भरा, पावतीचा नंबर तिकिटात टाका आणि डिस्क पुसू नका असं स्पष्ट लिहा. टर्मिनेटेड दिसलं तरी लगेच तिकीट टाका, कधीकधी कंपनीकडे जुनी प्रत असते. सर्व्हर चालू झाला की साइट बघत बसू नका, आधी डेटाबेसचा डंप स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. कमांडपाशी कुठे अडलात तर इथेच लिहा, मी रात्री ऑनलाइन आहे.