निबंधात आपलं काम दिसू द्या

परदेशी एमबीएच्या प्रवेशासाठी लिहायच्या निबंधात भारदस्त भाषा आणि मोठी यशं मांडा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. हिंजवडी, चाकणकडे नोकरी करणाऱ्या ओळखीच्या मुलामुलींचे निबंध मी वाचून देते. बहुतेकांत टीम सांभाळली, क्लायंट खूश झाला, एवढंच असतं. ते रेझ्युमेत आहेच की!

स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारतं: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? हे कारणच मुलं दोन ओळींत उरकतात. हार्वर्डनं २०२४ मध्ये एका मोकळ्या निबंधाऐवजी तीन छोटे निबंध आणले, पहिला ३०० शब्दांपर्यंत, उरलेले २५०. तिथे प्रस्तावनेला जागा कुठे आहे?

चाकणच्या एका कारखान्यातल्या मुलीनं लिहिलं होतं, 'तपासणीची पद्धत सुधारली'. मी विचारलं, विरोध कोणी केला? तेव्हा कळलं, रात्रपाळीचे कामगार तयार नव्हते. मग ही मुलगी रात्री त्यांच्याबरोबर लाइनवर थांबली, त्यांच्या सूचनेवरून तक्ता बदलला. हे सगळं निबंधात नव्हतंच! ते आल्यावर तिचं नेतृत्व वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि कृपा करून तयार निबंध विकत घेऊ नका. मुलाखतीत कोणी त्यातलंच खोलात विचारलं, तर दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रसंगाबद्दल तुम्ही काय सांगणार?