कयाकला ऊन दाखवलं त्याची गोष्ट

परवा संध्याकाळी घरी आलो तर माझी लाल कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, अंगणात उघडीबोडकी पडली होती, आणि तिचं चंदेरी कव्हर भिंतीपलीकडे काकांच्या सोफ्यावर होतं. नुसतं टाकलेलं नव्हतं. चारी बाजूंनी नीट खोचलेलं, नाड्या सोफ्याच्या पायांना बांधलेल्या, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून वजन ठेवलेलं. इतक्या निगुतीनं माणूस परक्याच्या वस्तूचा वापर करतो, हे बघून क्षणभर मलाच भरून आलं.

"काका, ते कव्हर..."

"हो हो, मीच घेतलं. आत रंगकाम चाललंय ना, सोफा बाहेर काढावा लागला. उन्हानं कापड विटतं हो!"

"आणि कयाक?"

"तिला काय धाड भरलीय? कायम आपली गुंडाळलेली. म्हटलं, लागू दे जरा ऊन बिचारीला. कोंदट वास जातो."

म्हणजे ऊन वाईट असतं हे काकांना ठाऊक आहे. फक्त ते सोफ्यासाठी वाईट असतं.

मी आवाज शक्य तितका सपाट ठेवून सांगितलं की कयाकला ऊन बाधतं. यावर ते हसले. नुसते हसले नाहीत, काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं. "अगं ऐक, यांच्या होडीला ऊन लागतं!" आणि मग माझ्याकडे वळून तो प्रश्न, जो मला आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसानं विचारलाय आणि प्रत्येकाला वाटतं आपणच पहिले: "मग समुद्रात नेता तेव्हा काय छत्री धरता का तिच्यावर?"

अहो, आठवड्याचे तास 168. त्यातले चार पाण्यात गेले तरी तो आठवडा सोन्याचा म्हणायचा. उरलेले 164 तास ती जमिनीवर पडून असते, आणि त्यातला जेवढा वेळ दिवस असतो तेवढा वेळ ती भाजते. होडी खडकावर आपटून फुटली तर लोक हळहळतात. नुसती पडल्या पडल्या मेली तर तिच्या मालकाला हसतात.

"तिचं प्लास्टिक खराब होतं, काका. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. आधी रंग फिका पडतो, मग हात लावला की पांढरी भुकटी निघते, मग ते ठिसूळ होतं आणि एक दिवस तडा जातो."

"प्लास्टिक?" काकांचे डोळे चमकले. "प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही म्हणून सगळं जग बोंबलतंय. आणि तुमचं तेवढं उन्हानं खराब होतं?"

काय उत्तर देणार? दोन्ही खरं आहे. ते कुजत नाही, तुटत जातं. बारीक बारीक होत जातं आणि कुठेही नाहीसं होत नाही. हे मी सांगितलंही, पण दोन वाक्यांचं उत्तर एका वाक्याच्या टोमण्यापुढे कधी टिकलंय?

"आणि बनवतानाच त्यात काही घालत का नाहीत?"

"घालतात. स्टॅबिलायझर असतो, किरणांपासून प्लास्टिक सांभाळणारा. पण तो हळूहळू खर्ची पडतो."

"मग परत भरून नाही मिळत?"

"नाही."

"फसवलं तुम्हाला," काका म्हणाले. काकूंनी मान डोलावली.

पुढचं तर मला आणखी लागलं. "काळी घ्यायची होती. ते पाण्याचे काळे पाइप बघा, वर्षानुवर्षं उन्हात पडलेले असतात, काही होत नाही." आता गंमत अशी की हे बरोबर आहे. त्या पाइपांत दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतं, म्हणजे शुद्ध भाषेत काजळी, आणि किरण अडवायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं फारसं काही नाही. पण काळी कयाक उन्हात तापते किती, हे मी सांगेपर्यंत काकांनी विषय जिंकलेला होता. अज्ञानी माणसाशी वाद घालता येतो. अधूनमधून बरोबर असणाऱ्या माणसाशी घालणं फार कठीण.

माझी कयाक ज्या प्लास्टिकची आहे, ते पॉलिथिलिन सापडलंसुद्धा अपघातानं. 1933 साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली भलताच प्रयोग चालला होता, तो फसला आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. मला कधी कधी वाटतं, त्यांनी ते भांडं घासून ठेवलं असतं तर मी आज लाकडी होडीला व्हार्निश मारत बसलो असतो आणि काकांनी त्यातही काहीतरी काढलं असतं.

माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे सर्फस्की आहे, म्हणजे समुद्रात वेगानं वल्हवायची कयाकचीच एक जात. सहा मीटरच्या वर लांब, अंगानं काडी, इपॉक्सी नावाच्या राळेची आणि केवलारच्या धाग्याची. तो आम्हा प्लास्टिकवाल्यांकडे जरा वरूनच बघतो. त्यावर मी मनोमन माझं समाधान असं करून घेतो की इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं आणि केवलारची तर गोष्टच न्यारी. स्टेफनी क्वोलेक यांच्या 1965 सालच्या संशोधनातून आलेला हा धागा, बुलेटप्रूफ जाकिटांत घालतात. उघडा उन्हात ठेवा, पिवळ्याचा तपकिरी होतो आणि ताकद गमावतो. गोळी अडवतो, ऊन नाही. म्हणून त्याच्यावर जेलकोट नावाचा कडक बाहेरचा थर, जेलकोटवर वॅक्स, वॅक्सवर कव्हर. त्या सर्फस्कीपेक्षा नवरीला कमी आवरावं लागतं.

असो. काका.

"आज तर ढगही होते," ते म्हणाले. विरळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, हे मी फक्त मनात म्हटलं. कारण तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. मी कयाक कुशीवर, दोन रुंद मऊ आधारांवर ठेवतो. काकांनी ती सरळ करून, टोकांखाली एकेक वीट लावून ठेवली होती. "हवा खेळती राहावी म्हणून." वर हॅचची, म्हणजे सामान ठेवायच्या कप्प्यांची, झाकणंही दाबून लावली होती. "पाली जातात हो." ती झाकणं मी मुद्दाम किलकिली ठेवतो, कारण बंद पोकळीतली हवा तापली की फुगते आणि आतल्या भिंतींना रेटते. आणि प्लास्टिक तापलं की मऊ पडतं, मऊ पडलं की जे खाली असेल त्याचा आकार घेतं. वाकून हात फिरवला. तळाला, वीट होती तिथे, विटेच्या कोपऱ्याएवढा पोचा. कडासुद्धा स्पष्ट लागत होत्या.

"पोचा पडलाय, काका."

त्यांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. चेहरा गंभीर केला. आणि म्हणाले, "मग ठेवा उन्हात, निघेल आपोआप."

आता इथे मला काय वाटलं ते छापण्याजोगं नाही. कारण पॉलिथिलिनच्या होडीचा पोचा काढायचा सगळ्यात सोपा उपाय खरोखरच हाच आहे. उन्हात ठेवायची, तापू द्यायची, बरेचदा तळ आपला आपण पूर्ववत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या हातानं कयाक पालथी करून उन्हात ठेवली. काका चहाचा कप घेऊन भिंतीपाशी उभे होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कव्हर मिळालं परत, रंगकाम संपल्यावर. त्याच्यावर आता पांढरे ठिपके आहेत. पण रागच काढायचा तर तो एकट्या काकांवर का काढावा? भर समुद्रासाठी होडी बनवायची आणि सोबतच्या कागदावर लिहायचं, 'थेट सूर्यप्रकाशात ठेवू नये'. तिला बांधायच्या पट्ट्या द्यायच्या पॉलिप्रॉपिलिनच्या, ज्या उन्हात होडीच्या आधी कुसतात. पॉलिस्टरच्या टिकतात, त्या वेगळ्या घ्या. निळी ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली तर आत ओल आणि उष्णता कोंडते, आणि ताडपत्री स्वतः उन्हानं चिंध्या होऊन अंगणभर उडते. म्हणून झाकण आणि होडी यांच्यात हवेला जागा सोडायची, मीठ धुवायचं, कोरडी करायची, वरून किरण अडवणारा स्प्रे मारायचा, तो उडाला की पुन्हा मारायचा. हे सगळं करताना काकू विचारणार, "सनस्क्रीन का?" आणि आपण हो म्हणायचं, कारण दुसरं काय म्हणणार.

ठिपके काढायला म्हणून काल कव्हर उलटं केलं, तर आतल्या शिलाईत एक छोटी चिठ्ठी निघाली. धुण्याच्या सूचनांखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: वापरात नसताना सावलीत ठेवावे.